तंबूतल्या दोन रात्रींचं जेवण: काय आधी करायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि कसं भरायचं

निघायच्या दिवशी पहाटे उठून पुऱ्या तळायच्या, घाईघाईत गरमच डब्यात भरायच्या, वरून झाकण दाबायचं आणि गाडीत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तंबूबाहेर तो डबा उघडला की आंबूस वास येतो, पुऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि मुलं भुकेली असतात. दरवर्षी हिवाळा आला की ओळखीतली तीन-चार कुटुंबं हीच तक्रार सांगतात आणि पदार्थाला दोष देतात. पुरीचा यात काही दोष नाही. चुकतो तो क्रम: काय कधी केलं, किती निवलं आणि कोणत्या वेळेला खाल्लं.

नमुना म्हणून एक साधी सहल घेऊ. पाच माणसं: आईबाबा, आजी, बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं. डिसेंबरात शुक्रवारी दुपारी निघायचं, भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी दोन रात्री तंबूत राहायचं आणि रविवारी दुपारी परतायचं. एक छोटी शेगडी, एक कुकर, एक कढई. तुमची जागा पवनेकाठची असो की कोकणातली, हिशोब हाच लागू पडतो. फक्त किनाऱ्यावर आणि उन्हाळ्यात खाली दिलेला टिकण्याचा काळ निम्मा धरा.

टप्पा १: चार दिवस आधी, कागदावर

पदार्थ ठरवायच्या आधी जेवणाच्या वेळा मोजा. आपल्या सहलीत मुख्य वेळा सहा आहेत: शुक्रवार रात्र, शनिवार सकाळ, दुपार आणि रात्र, रविवार सकाळ आणि दुपार. मधला चहा आणि मुलांचा खाऊ वेगळा. या सहाही वेळा एकाखाली एक लिहा आणि मग प्रत्येकीसमोर पदार्थ टाका. पदार्थ निवडताना एकच प्रश्न विचारा: यात पाणी किती आहे?

ज्यात पाणी जास्त ते आधी खायचं. ज्यात पाणी नाही ते शेवटपर्यंत थांबू शकतं. या हिशोबानं आमची यादी अशी होते:

- शुक्रवार रात्र: गोठवून नेलेली मटकीची उसळ आणि पाव
- शनिवार सकाळ: गुळाच्या दशम्या, तूप, दूध
- शनिवार दुपार: तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, तिथेच चिरलेली काकडी आणि गाजर
- शनिवार रात्र: मुगाच्या डाळीची खिचडी, भाजलेला पापड
- रविवार सकाळ: तयार मिश्रणाचा उपमा
- रविवार दुपार: पिठलं-भात, आणि मग तंबू आवरायचे

बघा, शनिवार संध्याकाळपासून पुढचं सगळं कोरडं आहे. तिथे फक्त पाणी घालून शिजवायचं. पुरी आणि दशमी रविवारसाठी राखून ठेवायचा मोह होतो, कारण शेवटच्या दिवशी कंटाळा आलेला असतो आणि तयार काहीतरी हवं असतं. तो मोह टाळा.

*तपासा:* आजींना तिखट चालत नसेल, कुणाला शेंगदाणा चालत नसेल, तर ते इथेच कागदावर लिहा. खिचडीचा मसाला वेगळ्या पुडीत बांधला की एकाच कुकरमधून आजींची पांढरी खिचडी आधी काढता येते. हे तिथे पोहोचून सुचलं तर उशीर झालेला असतो.

टप्पा २: तीन दिवस आधी, कोरडी मिश्रणं

या कामाला घाई नको, म्हणून ते आधी उरकायचं. ही मिश्रणं पंधरा दिवस सहज टिकतात.

*उपमा.* दोन वाट्या जाडा रवा कोरडाच मंद आचेवर भाजा. खमंग वास सुटला आणि रवा हाताला हलका लागायला लागला की काढून ठेवा. त्याच कढईत चार चमचे तेल, मोहरी, एक चमचा उडीद डाळ, एक चमचा चणा डाळ, हिंग, सुक्या मिरच्या आणि कढीपत्ता. कढीपत्ता धुऊन आदल्या रात्रीच पंचावर पसरून ठेवलेला हवा आणि फोडणीत तो पापडासारखा कडक होईपर्यंत परतायला हवा. एक पान उचलून बोटांत चुरडा. त्याचा चुरा व्हायला पाहिजे. नुसतं वाकलं तर आत ओल आहे आणि ती ओल चार दिवसांत सगळा रवा बिघडवेल. मग रवा, मीठ आणि चमचाभर साखर घालून दोन मिनिटं परता, परातीत पसरून पूर्ण गार करा. तिथे एक वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी. हिरवी मिरची, आलं आणि कांदा मिश्रणात घालू नका. हवा असेल तर कांदा तिथे चिरा.

*पिठलं.* दोन वाट्या बेसन मंद आचेवर कोरडं भाजून घ्या, गार झाल्यावर त्यात हळद, तिखट, जिऱ्याची पूड, हिंग आणि मीठ मिसळा. तिथे ते पीठ आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग लसणाच्या फोडणीत ओतायचं. एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या होतात, आणि मिणमिणत्या दिव्यात त्या मोडत बसणं फार त्रासाचं. कोकणातल्या घरांत हेच काम कुळथाच्या पिठावर भागतं. आजींना ते जास्त आवडत असेल तर तेच न्या.

*खिचडी.* दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ घरीच धुवा, कारण कॅम्पवर धुण्याला लागणारं पाणी वाहून न्यावं लागतं. धुतल्यावर सुती कापडावर पसरून पंख्याखाली दिवसभर वाळवा आणि मग कढईत तीन-चार मिनिटं गरम करा. मुठीत घेऊन सोडल्यावर दाणे खडखडीत सुटे पडले पाहिजेत. तळहाताला एक जरी दाणा चिकटला तरी अजून वाळवा. नीट वाळवायला सवड नसेल तर न धुता न्या आणि तिथे धुवा. अर्धवट वाळलेले तांदूळ पिशवीत बांधणं सगळ्यात वाईट.

*चटण्या.* शेंगदाणा-लसूण किंवा तीळ. खोबरं घालायचं असेल तर फक्त सुकं. ओल्या नारळाची चटणी या सहलीत कुठेच बसत नाही, ती काही तासांत उतरते. लसूण कच्ची न कुटता तव्यावर थोडी परतून घ्या.

चहासाठी चहापूड, साखर आणि मसाला मिसळून एका वेळच्या एका पातेल्याच्या पुड्या बांधा. पुडीवर किती कप ते लिहा. सकाळी थंडीत कुडकुडत तीन डबे शोधायची वेळ येत नाही.

टप्पा ३: दोन दिवस आधी, उसळ करून गोठवणं

बुधवारी संध्याकाळी उसळ शिजवा, म्हणजे गोठायला पुरेसा वेळ मिळतो. मटकी नेहमीसारखी, पण दोन गोष्टी टाळा. बटाटा घालू नका, गोठवून वितळल्यावर त्याला पाणी सुटतं आणि तो भुसभुशीत होतो. ओलं खोबरंही घालू नका. रस्सा थोडा दाट ठेवा.

खरी काळजी शिजल्यानंतरची. पातेलं झाकून ओट्यावर रात्रभर ‘निवायला’ ठेवण्याची आपल्याकडे सवयच आहे. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये असतं तेव्हा त्यात जंतू भराभर वाढतात, आणि मोठ्या पातेल्यात मधला भाग कित्येक तास याच पट्ट्यात राहतो. म्हणून उसळ पसरट परातीत ओता, ती परात गार पाण्याच्या दुसऱ्या परातीत ठेवा आणि अधूनमधून ढवळा. दोन तासांच्या आत ती फ्रीजमध्ये गेली पाहिजे. तिथे पूर्ण गार झाली की झिपच्या जाड पिशव्यांत भरून, हवा काढून, ताटावर आडव्या ठेवून फ्रीझरमध्ये. आडव्या गोठलेल्या पिशव्या पाटीसारख्या सपाट होतात, पेटीत नीट रचल्या जातात आणि लवकर वितळतात.

याच वेळी एक लिटरच्या चार बाटल्या पाण्यानं भरून फ्रीझरमध्ये टाका. वर तीन बोटं जागा सोडा, नाहीतर बर्फ फुगून बाटली फुटते. हा तुमचा बर्फ. वितळला की प्यायचं पाणी. सुटा बर्फ विकत घेतला तर तो वितळून पेटीच्या तळाशी साचतो आणि त्यात डबे तरंगतात.

सावधान: शिजवलेला भात घरून नेऊ नका. दहीभात, चिंचेचा भात, मसालेभात, काहीच नाही. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यानं मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष भात पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. आंबट घातलं की भात टिकतो असं सगळे म्हणतात. लहान मुलं आणि आजी सोबत असताना त्या भरवशावर मी राहत नाही. तांदूळ न्या आणि तिथे शिजवा.

टप्पा ४: आदल्या संध्याकाळी, दशम्या आणि पुऱ्या

सर्वांत जास्त चुका होतात त्या इथे, म्हणून इथे थोडं थांबू.

*दशम्या.* एक वाटी कोमट दुधात एक वाटी किसलेला गूळ विरघळवा. दूध कडक गरम असेल तर गुळानं ते फाटतं, बोट बुडवून सहन होईल इतकंच कोमट हवं. ते गाळून घ्या, गुळात काडीकचरा असतो. चार वाट्या कणकेत चिमूटभर मीठ आणि तीन चमचे तूप चोळून या दुधात घट्ट भिजवा. पाण्याचा एक थेंब नको. कमी पडलं तर आणखी दूध शिंपडा. पोळीपेक्षा जाड लाटून मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी सावकाश भाजा आणि कडेला तूप सोडा. आच मोठी ठेवली तर गूळ बाहेरून करपतो, आतून दशमी ओली राहते, आणि ओली राहिलेली दशमीच आधी बिघडते.

*पुऱ्या.* चार वाट्या कणीक, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे रवा, तिखट, हळद, मीठ, ओवा, तीळ आणि चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाणी शक्य तितकं कमी. मेथी, कोथिंबीर, कांदा आत घालू नका. मेथीच्या पुऱ्या खायला छान लागतात, पण त्या त्याच दिवशी संपवायच्या. तळताना घाई न करता मध्यम आचेवर सोनेरी होऊ द्या.

आता निववणं. काही वर्षांपूर्वी आमचं हेच चुकलं. पाहुणे यायचे होते, ओटा मोकळा हवा होता, म्हणून पुऱ्या स्टीलच्या डब्यात एकावर एक रचल्या. हाताला कोमट लागत होत्या, ‘निवतील आतल्या आत’ असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण काढलं तर त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले होते. वरच्या चार पुऱ्या ओलसर, आणि खालून पाचवी पुरी सोडवायला गेले तर तिच्यातून बारीक तार सुटली. धाकटीनं तोवर एक घास खाल्ला होता. तिला काही झालं नाही, पण ती रात्र मी तिच्या पोटावर हात ठेवून जागी काढली. तेव्हापासून माझ्या घरात पुरी डब्यात जाण्याआधी पुढची तपासणी होतेच.

पुऱ्या आणि दशम्या जाळीवर किंवा वेताच्या रोळीत एकेरी पसरा, खाली सुती कापड. वर्तमानपत्र नको. छपाईच्या शाईतली घातक रसायनं तेलकट पदार्थात उतरतात आणि एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं त्याबद्दल पुन्हा पुन्हा बजावलं आहे. वरून पातळ पंचा टाका आणि किमान दोन तास हात लावू नका.

*तपासा:* एक पुरी गालाला लावून बघा. बोटांना जी ऊब कळत नाही ती गालाला कळते. मग एक कोरडा काचेचा पेला पुऱ्यांवर पाच मिनिटं उपडा ठेवा. आतून धूसर झाला तर वाफ अजून आहे. स्वच्छ राहिला तरच भरा.

टप्पा ५: निघायच्या दिवशी, भरणं

आइसबॉक्स आदल्या रात्रीच आत दोन गोठलेल्या बाटल्या ठेवून गार करून घ्या. गरम गाडीतून काढलेल्या पेटीत बर्फ घातला तर अर्धा बर्फ पेटी गार करण्यातच जातो. सकाळी त्या दोन बाटल्या पुन्हा फ्रीझरमध्ये सरकवा.

पेटी अगदी निघताना भरायची. तळाला दोन बाटल्या, त्यावर उसळीच्या पिशव्या, बाजूला लोणी आणि काकडी-गाजर, वरून उरलेल्या दोन बाटल्या. मोकळी जागा राहिली तर टॉवेल कोंबा. मुलांची सरबतं आणि पाण्याच्या बाटल्या या पेटीत ठेवू नका, कारण मुलं दर वीस मिनिटांनी झाकण उघडतात. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी.

पुऱ्या आणि दशम्या पेटीत न ठेवता कोरड्या डब्यात, तळाला आणि वर कागदी रुमाल घालून. डबे वेगवेगळे, आणि प्रत्येक डब्यात एकाच वेळेचं खाणं. मोठा डबा एकच नेला की प्रत्येक हात त्याच डब्यात जातो आणि त्यातला एखादा ओला असतोच. झाकणावर चिकटपट्टी लावून वार आणि वेळ लिहा: ‘शनि. दुपार’.

दुधासाठी दोनशे मिलिलिटरचे छोटे टेट्रापॅक घ्या. बंद असताना त्यांना बर्फ लागत नाही, आणि फोडला की एका वेळेत संपतो. अंडी नेणार असाल तर कच्ची न्या आणि तिथे उकडा. उकडून नेलेली अंडी बाहेर दोन तासांहून जास्त ठेवायची नसतात.

गॅसची छोटी शेगडी नेत असाल तर ती स्वतःच्याच गाडीतून. रेल्वेत सिलिंडर नेण्याला बंदी आहे. घरून निघण्याआधी ती एकदा पेटवून बघा, आणि काडेपेटी दोन ठिकाणी ठेवा, एक प्लास्टिकच्या पिशवीत.

टप्पा ६: पोहोचल्यावर

पहिलं काम उसळ. पेटी उघडल्याबरोबर पिशवी दाबून बघा. अर्धवट गोठलेली किंवा फ्रीजमधल्यासारखी गार असेल तर ठीक, पातेल्यात काढून खळखळून उकळी येऊ द्या आणि वर पाच मिनिटं उकळू द्या. पिशवी हाताला कोमट लागली, फुगलेली दिसली किंवा वास वेगळा आला, तर चव घेऊन बघू नका. टाकून द्या आणि शनिवारची खिचडी आजच लावा. म्हणूनच खिचडीची एक जास्तीची पिशवी मी नेहमी बांधते.

पाणी. जलाशयाचं किंवा विहिरीचं पाणी प्यायला आणि मिश्रणं कालवायला वापरणार असाल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरचं, तेव्हा महाराष्ट्रात तो प्रश्न येत नाही. पाणी गढूळ असेल तर आधी चार पदरी कापडातून गाळा. काकडी धुवायलाही तेच उकळलेलं पाणी.

सावधान: कितीही थंडी असो, वारा असो, शेगडी तंबूच्या आत पेटवू नका, तंबूच्या दारातही नको. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. वारा लागत असेल तर गाडीच्या आडोशाला शेगडी लावा.

भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. लाकडं गोळा करून चूल पेटवायचा बेत असेल तर जागेच्या मालकाला आणि वनखात्याच्या माणसांना आधी विचारा. आपला सगळा बेत शेगडीवर होणारा आहे, चुलीवाचून काही अडत नाही.

रात्री खाण्याची एकही वस्तू तंबूत ठेवू नका, बिस्किटाचा पुडाही नाही. उंदीर कापड कुरतडून आत येतात आणि सकाळी माकडं पिशव्या पळवतात. सगळे डबे गाडीत, काचा बंद. मुलांच्या खिशातले लाडूसुद्धा झोपण्याआधी काढून घ्या.

खिचडीसाठी तीन वाट्या तांदूळ-डाळीला नऊ ते दहा वाट्या पाणी, म्हणजे आजींना मऊ मिळते. शिट्ट्या झाल्यावर कुकर जाड टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं बाजूला ठेवा. गॅस वाचतो आणि तेवढ्या वेळात पापड भाजून होतात. जेवायला एकत्र बसा आणि कुकर त्याच बैठकीत संपवा. उरलेली खिचडी सकाळी परतून खायची नाही, भाताला लागू असलेला नियम तिलाही लागू आहे.

टप्पा ७: उरलेलं

शनिवारी दुपारच्या पुऱ्या उरल्या तर त्या चार वाजताच्या चहाबरोबर संपवा. रविवारी सकाळी डब्यात दशमी सापडली तर मोडून बघा: आत तार, आंबूस वास किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर सगळा डबाच टाकायचा, फक्त डागाचा तुकडा काढून बाकी खायचं नाही. कोरडी मिश्रणं न फोडलेली परत आली तर ती पुढच्या सहलीला चालतात.

टाकायचं अन्न तिथे झाडाखाली ओतू नका, माकडांना सवय लागते आणि पुढच्या कुटुंबाला त्रास होतो. झाकणाच्या डब्यात भरून घरी आणा. घरी पोहोचल्यावर गाडी रिकामी करताना यादीचा तो कागद काढा आणि प्रत्येक पदार्थासमोर किती उरलं ते लिहून फ्रीजच्या दारावर लावा. आमच्या कागदावर गेल्या वेळी दशम्यांसमोर ‘सहा कमी पडल्या’ आणि गाजरांसमोर ‘कुणी खाल्ली नाहीत’ असं लिहिलेलं आहे.